डाउन सिंड्रोमच्या बाळाचं हृदय: पहिल्या इकोपासून शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांपर्यंत

डाउन सिंड्रोम (२१वं गुणसूत्र जादा असणं) असलेल्या साधारण ४० ते ५० टक्के बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. एरवी हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. त्यामुळे डोळ्यांची ठेवण, तळहातावरची एकच आडवी रेघ आणि सैल अंग पाहून बालरोगतज्ज्ञांना शंका आली, की त्याच वेळी हृदयाचाही प्रश्न विचारायचा. कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, अहवाल यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. तोवर इको (हृदयाची सोनोग्राफी) थांबवून ठेवण्याचं काहीच कारण नाही.

या बाळांच्या बाबतीत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे शांत हृदय. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, आवाज आला नाही, बाळ गुलाबी आहे, दूध पितंय, म्हणून घरी पाठवलं. पुढे वर्षभराने कळतं की छिद्र मोठं आहे आणि आता शस्त्रक्रिया करता येत नाही. हे आजही घडतं. ते टाळायचं तर बाळाच्या तब्येतीइतकंच कॅलेंडरकडे लक्ष हवं.

दोष नेमका कुठे असतो

हृदयाचे चार कप्पे: वर दोन, खाली दोन. वरच्या दोघांमधला पडदा, खालच्या दोघांमधला पडदा आणि वरून खाली उघडणाऱ्या दोन झडपा हे सगळं हृदयाच्या मधोमध एकाच ठिकाणी येऊन मिळतं. चार खोल्यांच्या घराची मधली चौकटच बसली नाही तर काय होईल, तसं इथे होतं. वर छिद्र, खाली छिद्र आणि दोन स्वतंत्र झडपांऐवजी मधोमध एकच मोठी सामाईक झडप. याला एव्ही कॅनॉल डिफेक्ट किंवा एव्हीएसडी म्हणतात, आणि डाउन सिंड्रोममधला हा सर्वांत ओळखीचा दोष आहे. त्याखालोखाल फक्त खालच्या पडद्यातलं छिद्र म्हणजे व्हीएसडी, वरच्या पडद्यातलं एएसडी, जन्मानंतर बंद न झालेली डक्टस (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी गर्भातली वाहिनी) म्हणजे पीडीए, आणि बाळ निळं पडतं तो टेट्रालॉजी ऑफ फॅलो. कधीकधी एकाच बाळात दोन-दोन दोष असतात.

‘छिद्र आपोआप भरतं’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी ऐकवतंच. छोटं व्हीएसडी, विशेषतः स्नायूंच्या भागातलं, बऱ्याचदा भरतं. वरच्या पडद्यातलं लहान छिद्रही भरतं. एव्ही कॅनॉल मात्र कधीच आपोआप बंद होत नाही. शेजारच्या बाळाचं बंद झालं म्हणून आपलंही होईल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

फुप्फुसांचा दाब, आणि ‘बरं वाटणं’ धोक्याचं का

डाव्या बाजूचा दाब जास्त, उजवीकडचा कमी. त्यामुळे छिद्रातून रक्त डावीकडून उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत जादा जातं. जन्माच्या वेळी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, म्हणून गळती कमी असते. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत त्या सैलावतात आणि गळती वाढते. सर्वसाधारण बाळाला या सुमारास धाप लागते, घाम फुटतो, वजन अडतं, छातीत आवाज ऐकू येतो. म्हणजे आजार स्वतःच हाक मारतो.

डाउन सिंड्रोमच्या बऱ्याच बाळांत या वाहिन्या पुरेशा सैलावत नाहीत. त्यांच्या फुप्फुसांतल्या वायुकोशांची वाढ कमी असते, नाक-घशाचा मार्ग अरुंद असतो, झोपेत श्वास अडतो, ऑक्सिजन कमी पडतो, आणि या प्रत्येक कारणाने वाहिन्या आवळलेल्याच राहतात. दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा असला की छिद्र मोठं असूनही रक्त जोरात वाहत नाही. मग आवाज नाही, धाप नाही.

त्याहून वाईट प्रकार असा: आधी धाप होती, औषधं सुरू होती, आणि पाच-सहा महिन्यांनी बाळ अचानक ‘सुधारलं’. श्वास शांत झाला, वजन वाढायला लागलं. घरच्यांना वाटतं छिद्र भरतंय. प्रत्यक्षात सततच्या दाबाने फुप्फुसांच्या वाहिन्या जाड आणि कडक होत आलेल्या असतात, म्हणून गळती कमी झालेली असते. हे पुढे गेलं की रक्त उलट दिशेने वाहू लागतं, ओठ-नखं निळी पडतात. ही आयझेनमेंगर अवस्था. तिथे छिद्र बंद केलं तर उजवं हृदय तो दाब पेलू शकत नाही, म्हणून शस्त्रक्रिया नाकारावी लागते. एव्ही कॅनॉल असलेल्या डाउन सिंड्रोमच्या बाळात हे पहिल्या वाढदिवसाच्या आतही होऊ शकतं. बाळ एकाएकी छान दिसू लागलं की पुढची अपॉइंटमेंट पुढे ढकलायची नाही, अलीकडे आणायची.

पायरी १: पहिल्या महिन्यात इको

डाउन सिंड्रोमची शंका असलेल्या प्रत्येक नवजात बाळाचा इको व्हायला हवा. आवाज नसला तरी, बाळ ठणठणीत असलं तरी, आणि गरोदरपणात केलेला फीटल इको नॉर्मल होता तरीही. प्रसूतिगृहातून निघण्याआधी झाला तर उत्तम, नाही तर महिन्याच्या आत.

घरी जाण्याआधी पल्स ऑक्सिमीटरने ऑक्सिजन मोजतातच. तो उजव्या हाताला आणि एका पायाला असा दोन्हीकडे मोजला आहे का, ते विचारा. दोन्हीकडे ९५ किंवा त्याहून जास्त आणि दोन्हींत ३ पेक्षा अधिक फरक नाही, तर ठीक. पण ही चाचणी पास झाली म्हणजे इकोची गरज संपली असं नाही. एव्ही कॅनॉलचं बाळ ती सहज पास होऊ शकतं. ईसीजीचा मात्र उपयोग होतो: एव्ही कॅनॉलमध्ये त्यात ‘लेफ्ट ॲक्सिस’, म्हणजे हृदयाच्या विजेची दिशा डावीकडे झुकलेली, दिसतो. तालुक्याच्या ठिकाणी इको लगेच मिळत नसेल तर तेवढ्या एका खुणेवरही डॉक्टर बाळाला तातडीने पुढे पाठवू शकतात.

इको लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांकडूनच करून घ्या. मोठ्यांचे इको करणाऱ्या केंद्रात तान्ह्या बाळाचा इको होतो खरा, पण झडपेचा प्रकार, महाधमनीची कमान, डक्टस हे तपशील सुटू शकतात. बाळ हललं तर चित्रं नीट येत नाहीत, म्हणून भुकेल्या बाळाला केंद्रातच दूध पाजा आणि झोपल्यावर तपासणी करू द्या. झोपेचं औषध, बहुतेक वेळा ट्रायक्लोफॉसचं सिरप, द्यावंच लागलं तर ते केंद्रातच, ऑक्सिमीटर लावून द्यायला सांगा. या बाळांची जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. घरून पाजून आणणं नको.

अहवाल हातात आल्यावर चार गोष्टी समजावून घ्या. दोष पूर्ण आहे की अर्धवट. दोन्ही खालचे कप्पे सारखे वाढलेत का, म्हणजे ‘बॅलन्स्ड’ आहे का. एक कप्पा लहान राहिला असेल तर शस्त्रक्रियेचा मार्गच बदलतो आणि डाउन सिंड्रोममध्ये तो मार्ग अवघड जातो. झडपेतून गळती किती. फुप्फुसांचा दाब किती. आणि शेवटी विचारा: ‘शस्त्रक्रिया कोणत्या महिन्यात?’ उत्तर ‘बघू’ असं आलं तर दुसऱ्या केंद्रात मत घ्या.

पायरी २: शस्त्रक्रियेची तारीख गृहीत धरून दिवस मोजा

पूर्ण एव्ही कॅनॉलची दुरुस्ती साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान करतात. मोठं व्हीएसडी आणि मोठी पीडीए यांनाही सहा महिन्यांच्या पुढे न्यायचं नाही. अर्धवट कॅनॉल, ज्यात खालचं छिद्र नसतं, त्याला घाई कमी. ते एक-दोन वर्षांपर्यंतही थांबू शकतं. टेट्रालॉजी बहुधा सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान दुरुस्त करतात. त्याआधी निळेपणा फार वाढला तर तात्पुरती नळी बसवून फुप्फुसांकडे रक्त वळवतात.

‘दहा किलोचं झाल्यावर करू’ हा सल्ला अजूनही कानावर येतो. एव्ही कॅनॉलच्या बाबतीत तो चुकीचा आहे. चार-पाच किलोच्या बाळांच्या या शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रात नेहमीच्या आहेत. बाळ फारच लहान असेल किंवा जंतुसंसर्गाने खंगलं असेल तर काही वेळा फुप्फुसाच्या धमनीभोवती पट्टी बांधून गळती आवरतात आणि मुख्य दुरुस्ती काही महिन्यांनी करतात. त्यात दोन शस्त्रक्रिया होतात, पण फुप्फुसं वाचतात.

‘असल्या बाळावर एवढी मोठी शस्त्रक्रिया कशाला?’ हा प्रश्न नातेवाईकच विचारतात असं नाही. पांढऱ्या कोटातूनही तो येतो. पूर्ण एव्ही कॅनॉलच्या दुरुस्तीनंतर डाउन सिंड्रोमची बाळं इतर बाळांइतकीच तग धरतात, आणि त्यांच्या डाव्या झडपेवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण उलट कमी दिसतं. निर्णय हृदय आणि फुप्फुसं पाहून व्हायला हवा. गुणसूत्राचा कागद पाहून नाही.

उशिरा निदान झालं असेल, बाळ वर्षाचं होऊन गेलं असेल, तरी ‘आता काही होणार नाही’ असं इकोवरून ठरवू नका. कॅथेटर तपासणीत, म्हणजे बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, फुप्फुसांचा दाब आणि रोध प्रत्यक्ष मोजतात, ऑक्सिजन दिल्यावर तो उतरतो का ते पाहतात, आणि मगच ठरतं.

पायरी ३: शस्त्रक्रियेपर्यंतचे तीन-चार महिने घरी

इथेच खरी मेहनत आहे. रोज एक आणि आठवड्याला एक अशा दोनच गोष्टी वहीत लिहा.

रोज श्वास मोजा. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना झबलं वर करा, पोटाची हालचाल पाहा, मोबाइलवर पूर्ण ६० सेकंद लावा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर आकडा चुकतो, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभरात ५० किंवा जास्त, वर्षानंतर ४० किंवा जास्त म्हणजे जलद. पण बाळाचा रोजचा आकडा आणि त्यात झालेली वाढ जास्त सांगून जाते. रोज ४८ असणारं बाळ आज ६२ वर गेलं तर ताप नसला तरी फोन करा. बरगड्यांखाली खळगा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, बाळ कण्हतंय, तर फोनही नको; थेट दवाखान्यात.

आठवड्याला वजन, एकाच काट्यावर, उघड्या अंगाने, दूध पाजण्याआधी. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळ दिवसाला २० ते ३० ग्रॅम घेतं. हृदयाच्या बाळाला तेवढं जमेलच असं नाही, पण दोन आठवडे काटा हललाच नाही तर औषध किंवा आहार बदलायची वेळ झाली. ‘डाउनची मुलं बारीकच असतात’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांची उंची कमी असते, पण वजन अडण्याचं कारण बहुधा हृदय असतं. उलट एका दिवसात अचानक १००-१५० ग्रॅम वाढलं आणि पापण्या सुजल्या, तर ते पाणी साठलेलं असतं, बाळसं नाही.

दूध पाजणं ही या बाळाची कसरत आहे. कपाळावर घाम, दर चार घोटांनी थांबणं, अर्ध्यातच झोपणं ही हृदय थकल्याची लक्षणं आहेत. एक फीड २०-३० मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नका, कारण त्यापुढे बाळ मिळवतं त्यापेक्षा जास्त खर्च करतं. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, डोकं उंच धरून पाजा. अंगावर ओढायला ताकद नसेल तर दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्या. बोंडल्याचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून, बाळ गिळेल तसंच सोडायचं. तेही जमत नसेल तर नाकातून नळी. नळीला आयांची फार नाराजी असते. तरी महिनाभर नळी लावून पाऊण किलो वजन मिळालं तर शस्त्रक्रिया वेळेवर होते, हे लक्षात ठेवा.

आकडेमोड करून पाहू. ४ किलोचं बाळ दिवसाला किलोमागे १५० मिलि म्हणजे ६०० मिलि दूध घेतं. आईच्या १०० मिलि दुधात साधारण ६७ कॅलरी, म्हणजे दिवसाला सुमारे ४००. त्याची गरज मात्र किलोमागे १२० ते १५०, म्हणजे ४८० ते ६००. ही तूट दूध वाढवून भरता येत नाही, कारण जादा पाणी हृदयावर येतं. म्हणून दूध घट्ट करावं लागतं. काढलेल्या आईच्या दुधात फोर्टिफायरची पावडर, किंवा डॉक्टरांनी सांगितलं तर एमसीटी (सहज पचणारं तेल) किंवा खोबरेल तेल. तेलाच्या १ मिलित साधारण ८ कॅलरी असतात. दिवसभरात विभागून १० मिलि दिलं तर ८० कॅलरी मिळतात. सुरुवात थेंबांनी करून हळूहळू वाढवा, जुलाब झाले तर मागे या. दूध पिताना ठसका लागणाऱ्या बाळाला तेल देऊ नका. ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. डब्याची पावडर असेल तर मापाप्रमाणेच कालवा; पातळ केली तर बाळाचं पोट भरतं आणि वजन घटतं.

ठसक्याचा मुद्दा आलाच आहे तर: या बाळांत दूध आवाज न करताही श्वासनलिकेत उतरतं. सारखा न्यूमोनिया होत असेल तर तो फक्त हृदयामुळे आहे असं धरून चालू नका. गिळण्याची तपासणी करून घ्या.

औषधं सहसा तीन-चारच असतात: फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, एनालाप्रिल, कधी डिगॉक्सिन. चुका होतात त्या मापात. डॉक्टर मिलिग्रॅममध्ये विचार करतात, घरी आपण मिलि मोजतो, आणि दुकानदार दुसऱ्या तीव्रतेची बाटली देतो. बाटली बदलली की लेबल डॉक्टरांना दाखवून मिलि पुन्हा लिहून घ्या. चमचा किंवा झाकण वापरू नका. १ मिलिची सिरिंज, त्यावर स्केचपेनने रेघ. ०.५ आणि ५ यांतला टिंब पुसट असेल तर विचारूनच द्या. डिगॉक्सिन दिल्यावर उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा नाही. उलट्या सुरूच राहिल्या, बाळ मलूल झालं, नाडी मंदावली तर डिगॉक्सिन जास्त झालेलं असू शकतं. जुलाब-उलट्यांनी बाळ कोरडं पडलं तर फ्युरोसेमाइड आणि एनालाप्रिल चालू ठेवायचं की थांबवायचं, ते त्याच दिवशी फोन करून विचारा. मूत्रपिंडावर परिणाम होतो.

आता घरातल्या रीतीबद्दल. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि ओव्याची धुरी अनेक घरांत आजही असते. या बाळाच्या फुप्फुसांना धूर अजिबात सोसत नाही. वाहिन्या आणखी आवळतात. शेक हवाच असेल तर आईने दुसऱ्या खोलीत घ्यावा. गुटी उगाळून देणं बंद. नाकात तेलाचे थेंब बंद. आजीला हे सांगायला जड जातं, तेव्हा डॉक्टरांकडून त्यांच्यासमोरच सांगून घ्या, फरक पडतो.

लसी वेळेवर, उलट जास्त काटेकोरपणे. न्यूमोकोकल चुकवू नका, आणि सहा महिन्यांनंतर फ्लूची. घरातल्या मोठ्यांनीही फ्लूची लस घ्यावी. सर्दी झालेला पाहुणा बाळाला घेणार नाही, एवढं स्पष्ट ठेवा. श्वसनाचा साधा संसर्गही शस्त्रक्रिया चार-सहा आठवडे पुढे ढकलू शकतो.

टेट्रालॉजीच्या बाळासाठी वेगळी सूचना. सकाळी उठल्यावर किंवा रडल्यावर बाळ एकदम काळंनिळं पडलं, श्वास खोल आणि भरभर झाला, तर घाबरून हलवू नका. छातीशी धरा आणि दोन्ही गुडघे पोटाशी दाबून ठेवा. शांत करा, आणि दवाखाना गाठा. अशा बाळाचं रक्त तपासताना लोह कमी नाही ना ते नक्की पाहायला सांगा. लोह कमी असेल तर हे झटके वाढतात.

पायरी ४: पैसे आणि कागद

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि डाउन सिंड्रोम व जन्मजात हृदयदोष हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा. पुढे फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार इथेच मिळतात.

शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला जवळ ठेवा. बाळाचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नसेल तर जन्मदाखला आणि आईवडिलांसोबतचा फोटो लागतो. म्हणून जन्मदाखला पहिल्याच महिन्यात काढा. मंजुरी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रामार्फत (योजनेचा तिथला मदतनीस) जाते. योजनेच्या यादीत रुग्णालय आहे एवढं पुरत नाही: तिथे वर्षाच्या आतल्या बाळांची बायपासवरची, म्हणजे हार्ट-लंग मशीन लावून केलेली, शस्त्रक्रिया नियमित होते का, लहान मुलांचं वेगळं हृदय-आयसीयू आहे का, ते विचारा. मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय लहान मुलांचंच आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्ण मोफत होतात. तिथे बिलाचा काउंटरच नाही. प्रतीक्षायादी असते, म्हणून निदान होताच नाव द्या, पाचव्या महिन्यात नाही.

पायरी ५: शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना सांगायच्या गोष्टी

सर्जन हृदय बघतात. डाउन सिंड्रोमचे इतर बारकावे भूलतज्ज्ञांना माहीत असायला हवेत. मानेचे पहिले दोन मणके सैल असू शकतात, म्हणून नळी घालताना मान फार मागे वाकवायची नाही. श्वासनलिका अरुंद असते, वयाच्या मानाने लहान नळी लागते. भूल सुरू करताना नाडी मंदावू शकते. त्यांना हे ठाऊक असतंच, तरी मोठ्या मुलाची मान वाकडी होणं, चालीत बदल, हात-पायांत अशक्तपणा असं काही दिसलं असेल तर स्वतःहून सांगा.

थायरॉइडची तपासणी ताजी हवी. टीएसएच जन्मतः, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी तपासतात. थायरॉइड कमी असेल तर हृदय आणि भूल दोन्ही कठीण होतात, आणि गोळी सुरू करणं सोपं असतं. रक्तगणनाही लागते, कारण नवजात काळात या बाळांच्या पांढऱ्या पेशी कधीकधी तात्पुरत्या बिघडतात.

पायरी ६: शस्त्रक्रिया आणि नंतर

हृदय थांबवून, हार्ट-लंग मशीनवर, छिद्रांना पट्टी लावतात आणि सामाईक झडपेच्या दोन झडपा करतात. आयसीयूत काही दिवस, एकूण मुक्काम साधारण एक ते दोन आठवडे. डाउनच्या बाळांचा व्हेंटिलेटर सुटायला थोडा जास्त वेळ लागतो.

आयसीयूत अडचणी येतात त्या अशा. फुप्फुसांचा दाब एकाएकी चढतो. त्यासाठी बाळाला गाढ झोपवून ठेवतात, नायट्रिक ऑक्साइड वायू किंवा सिल्डेनाफिल देतात. हृदयाच्या विजेची वाट पट्टीच्या अगदी जवळून जाते, तिथे सूज आली तर ठोके मंदावतात. तेव्हा बाहेरच्या यंत्राने ठोके चालवायलाच छातीतून बाहेर आलेल्या बारीक तारा असतात. आठ-दहा दिवसांत लय परतली नाही तर पेसमेकर. छातीच्या नळीतून दुधासारखं पाणी येऊ लागलं तर ते लसिकेचं पाणी आहे. या बाळांत हे जास्त दिसतं, आणि काही आठवडे चरबी नसलेलं खास दूध द्यावं लागतं. तेवढ्या काळात आईचं दूध काढून साठवत राहायचं, म्हणजे पान्हा टिकतो.

घरी आल्यावर सहा आठवडे बाळाला काखेत धरून उचलायचं नाही. एक हात मान-पाठीखाली, दुसरा कुल्ह्यांखाली, असं उचला. छातीचं हाड जुळायला तेवढा वेळ लागतो. पालथं घालणं सर्जनना विचारून. जखमेला हळद, तेल, पावडर काही नाही. ३८ अंशांच्या वर ताप, जखमेतून पाणी, हाडात ‘टक’ असा आवाज, किंवा पहिल्या तीन-चार आठवड्यांत बाळ पुन्हा चिडचिडं होऊन धाप लागणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा. हृदयाभोवती पाणी साठलेलं असू शकतं. शस्त्रक्रियेत रक्त, प्लाझ्मा दिलेलं असतं, त्यामुळे एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला) लस काही महिने पुढे जाते. किती ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

सहा महिने, आणि पट्टीशेजारी थोडी गळती राहिली असेल तर त्यापुढेही, दातांचं काम करण्याआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, म्हणजे तोंडातले जंतू हृदयात जाऊन संसर्ग करत नाहीत. दात उशिरा येतात म्हणून दुर्लक्ष नको. पहिला दात आला की ब्रश.

इको आयुष्यभर, ठरलेल्या अंतराने. डावी झडप गळू शकते आणि काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. घोरणं, झोपेत मान मागे टाकणं, तोंड उघडं ठेवणं दिसलं तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करा; छिद्र बंद झाल्यावरही झोपेतला अडथळा फुप्फुसांचा दाब वाढवत राहतो. काहीच दिसत नसलं तरी चार वर्षांच्या आत एकदा करावी.

कॅरिओटाइप नॉर्मल, पण हृदयात दोष

कॅरिओटाइपमध्ये डाउन, टर्नर अशी मोठी उलथापालथ दिसते. लहान तुटी दिसत नाहीत. काही बाळांत २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो, तो शोधायला फिश, एमएलपीए किंवा मायक्रोॲरे यांपैकी एखादी जनुकीय चाचणी लागते. टेट्रालॉजी, ट्रंकस (हृदयातून दोनऐवजी एकच मोठी धमनी निघणं), महाधमनीची तुटलेली कमान यांपैकी काही असेल, आणि सोबत टाळूत दोष, नाकातून दूध येणं किंवा कॅल्शियम कमी होऊन झटके असतील, तर ही तपासणी मागा. इथे प्रतिकारशक्ती कमी असू शकते. टी-पेशींची तपासणी होईपर्यंत रोटाव्हायरससारख्या जिवंत लसी थांबवतात, आणि शस्त्रक्रियेला रक्त लागलं तर ते किरणोत्सर्ग दिलेलं असावं लागतं. शस्त्रक्रियेदरम्यान कॅल्शियम सतत मोजतात.

विल्यम्स या आणखी एका जनुकीय सिंड्रोममध्ये महाधमनी झडपेच्या वर आवळलेली असते. भूल देताना हृदय बंद पडण्याचा धोका खरा आहे, म्हणून दाताच्या छोट्या कामालाही हृदयतज्ज्ञ असलेलंच रुग्णालय, आणि कॅल्शियम पाहिल्याशिवाय व्हिटॅमिन डी नाही. टर्नर सिंड्रोमच्या (एक एक्स गुणसूत्र कमी असलेल्या) मुलीचा रक्तदाब चारही हातापायांत मोजा. पायात कमी आला तर महाधमनीत आकुंचन असू शकतं. नूनन या जनुकीय सिंड्रोममध्ये फुप्फुसाची झडप अरुंद आणि हृदयाचा स्नायू जाड असू शकतो, शिवाय रक्त गोठायला वेळ लागू शकतो. शस्त्रक्रियेआधी रक्त गोठण्याची तपासणी करायला सांगून ठेवा.

पुढच्या गरोदरपणाआधी

डाउन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के बाळांत २१वं गुणसूत्र सुटं जादा असतं. तेव्हा आईवडिलांची तपासणी लागत नाही. पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता तरुण आईत साधारण एक टक्का, आणि पस्तिशीनंतर वयानुसार वाढते. तीन-चार टक्क्यांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तिथे दोघांचाही कॅरिओटाइप करावा लागतो, कारण वाहक आई असेल तर धोका जास्त, वडील असतील तर कमी. २१ला २१च चिकटलेलं असून पालक वाहक असेल, तर जन्मणारं प्रत्येक मूल बाधित असतं. म्हणून बाळाच्या कॅरिओटाइपचा मूळ कागद फाइलमध्ये लॅमिनेट न करता ठेवा. पुढच्या सोनोग्राफीला आणि १८ ते २२ आठवड्यांच्या फीटल इकोला जाताना तोच दाखवायचा असतो.